ठसका नव्हता तो

मिरचीचं बी काढताना सगळेच खोकतात. आमच्या भागात, देऊळगाव राजाच्या आजूबाजूला, जिथे जिथे हिरव्या जाळीचं शेडनेट दिसेल तिथे कंपनीसाठी भाजीपाल्याचं बियाणं तयार होतं. आधी फुलांचं क्रॉसिंग करायचं, म्हणजे एका झाडाचे पराग हाताने दुसऱ्या झाडाच्या फुलाला लावायचे. मग हिवाळ्यात मिरची लाल झाली की ती फोडून बी वेगळं करायचं. त्या दिवसांत अंगणात बसलेल्या बायांपैकी एकीला ठसका लागला की दुसरीला लागतो, मग तिसरीला, आणि शेवटी सगळ्या हसायला लागतात. मीही हसायचे. बाकीच्या घरी गेल्या, हातपाय धुतले, की त्यांचा ठसका थांबायचा. माझा थांबत नव्हता.

ज्यांच्या घरात कुणी असं खोकत असेल, त्यांच्यासाठी मी हे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. काढा करून पिणारी आणि दुसऱ्याला पाजणारी बाई आहे, आजही आहे. काढ्याला नावं ठेवायला मी बसलेली नाही. फक्त काय झालं ते सांगते.

घरातले उपाय

माझ्या सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. खोकल्याच्या बाबतीत आमच्या गावात त्यांचा शब्द शेवटचा. लेकरू खोकायला लागलं की बाया आधी त्यांच्याकडे घेऊन येतात. बांधावरचा अडुळसा त्यांनीच लावलेला. त्याची पानं वाफवायची, पिळून रस काढायचा, त्यात मध घालून चाटवायचा. आलं, गूळ आणि मिऱ्यांचा काढा. रात्री हळदीचं दूध. छातीला सैंधव घातलेलं कोमट तीळतेल. घशात खवखव असेल तर ज्येष्ठमधाची काडी चघळायला.

माझ्यावर त्यांनी हे सगळं केलं, आणि मनापासून केलं. सकाळी त्या मला काढा देत आणि पेला रिकामा होईपर्यंत समोरून हलत नसत. काढा पोटात गेला की घशाला ऊब यायची, थोडा वेळ बरं वाटायचं. खोटं कशाला सांगू, मला त्या पेल्याची वाट असायची. पण ते बरं वाटणं टिकत नव्हतं. पहाटेच्या सुमाराला खोकल्याने जाग यायची. उठून बसल्याशिवाय श्वास पुरत नसे. छातीत शिट्टी वाजल्यासारखा बारीक आवाज यायचा. माझ्या नवऱ्याला तो बाजूला झोपून ऐकू येत होता. ते कूस बदलायचे, पण झोपलेले नाहीत हे मला कळायचं.

गावातही कळलंच. आमच्या अंगणात बी काढायला येणाऱ्या एका बाईने माझ्या हातचं पाणी घेणं बंद केलं. "मले तहान नाही वं," ती रोज म्हणायची. टीबी हा शब्द कुणी तोंडाने काढला नाही, पण तो अंगणात येऊन बसलेला होता.

शेवटी हे मला तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. बेडका तपासला. टीबी निघाला नाही. तिथले डॉक्टर म्हणाले, जालन्याला छातीच्या डॉक्टरांकडे एकदा दाखवून घ्या. बाहेर आल्यावर हे मोटारसायकलला किल्ली लावून तसेच उभे राहिले.

"पाहुणे येऊन जाऊ दे," ते म्हणाले. "मंग जाऊ जालन्याले."

आमच्या रूपालीला बघायला सुलतानपूरचे लोक येणार होते. बी.एड. करणारी मुलगी, आम्हाला एकुलती एक. मुलगा शिकलेला, घरची शेती, माणसं चांगली असं सगळे सांगत होते. अशा वेळी मुलीची आई छातीच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात बसलेली कुणी पाहिली तर काय होतं, हे आमच्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. मीही हो म्हटलं.

ज्येष्ठमधाची काडी

पाहुणे आले त्या दिवशी मी सकाळपासून कमी बोलत होते. बोललं की खोकला यायचा. पोह्यांना फोडणी आत्याबाईंनी दिली आणि मला मागच्या दारात उभं केलं. मिरच्यांची पोती गोठ्यात हलवली होती. माझ्या गालात ज्येष्ठमधाची काडी होती.

मुलाची आई माझ्यासमोरच बसली. माझ्याच वयाची, शांत बाई. बैठकीत रूपालीला प्रश्न विचारणं चाललं होतं आणि मी फक्त माझ्या छातीकडे लक्ष देऊन बसले होते. घशाच्या तळाशी काहीतरी वळवळायला लागलं की मी आवंढा गिळायची, ज्येष्ठमधाचा गोड रस खाली ढकलायची. परत वळवळायचं. डोळ्यांत पाणी यायला लागलं. रूपाली उत्तरं देत होती, पण तिची नजर माझ्यावर होती.

चहा बघून येते असं म्हणून मी उठले. मागच्या खोलीत गोधड्यांची चळत होती. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून मी त्यात तोंड खुपसलं आणि खोकले. गोधड्यांमधल्या धुळीने खोकला आणखी वाढला. किती वेळ गेला कोण जाणे. तोंड धुऊन बाहेर आले तेव्हा मुलाच्या आईने विचारलं,

"ताई, बरं नाही का? डोळे लाल दिसून राह्यले तुमचे."

मी तोंड उघडायच्या आत आत्याबाई बोलल्या, "मिरची हाये ना बाई घरात. बी काढून राह्यलो आमी. ठसका सगळ्यायले लागते."

"हो ना, ठसकाच हाये," मी म्हटलं.

त्या बाई हसल्या. पण निघेपर्यंत मधूनमधून माझ्याकडे बघत राहिल्या.

धुरी

निरोप चांगला आला. मुलगी पसंत होती. आता आम्ही सुलतानपूरला जाऊन घर बघायचं होतं. निरोप ऐकून घरात आनंद झाला आणि त्याच वेळी सगळ्यांची नजर माझ्याकडे वळली. परक्या घरी मला उठून मागच्या खोलीत जाता येणार नव्हतं.

"कफ आत बसला हाये," आत्याबाई म्हणाल्या. "धुरी देल्याबिगर तो निघत नाही."

दुपारची वेळ होती. हे शेडनेटमध्ये होते, रूपाली पुढच्या खोलीत वाचत होती. आत्याबाईंनी शेगडीत निखारे घेतले, मला पाटावर बसवलं, शेगडी समोर ठेवली. निखाऱ्यांवर ओवा, लसणाची सालं आणि चिमूटभर हळद टाकली आणि वरून माझ्या डोक्यावर घोंगडी पांघरली. लहान लेकरांना सर्दीत अशी धुरी देताना मी लग्न होऊन आल्यापासून त्यांना बघत आले होते. माझ्या रूपालीलाही त्यांनी दिली होती.

"मोठा श्वास घे," त्या बाहेरून म्हणाल्या.

मी घेतला. धूर आत गेला आणि छाती एकदम आवळली. खोकला आला नाही, हेच मला वेगळं वाटलं. श्वास सोडायला गेले तर तो निघेना. आत थोडीशी हवा जायची आणि तिथेच कोंडायची. मी घोंगडी ओढली तर आत्याबाईंना वाटलं मी कंटाळले. "जराशीक कळ काढ," म्हणून त्यांनी ती परत धरली. मी शेगडीला लाथ मारली. निखारे फरशीवर सांडले तेव्हा त्यांनी घोंगडी सोडली आणि माझं तोंड बघितलं.

मला बोलता येत नव्हतं. मी दोन्ही हात जमिनीवर टेकून, मान पुढे काढून बसले होते. रूपाली धावत आली. तिने मला विचारलेलं मला ऐकू येत होतं, पण एक शब्द बोलायलाही हवा लागते आणि ती माझ्याकडे नव्हती. तिने बापाला फोन केला, शेजारच्यांची गाडी आणवली. गाडीत मी तिच्या मांडीवर आडवी होऊ शकले नाही, आडवं झालं की जीव जायचा. समोरच्या सीटची पाठ धरून बसले. माझी नखं काळीनिळी दिसत होती. हे पुढे बसले होते, समोर ट्रॅक्टर आला की स्वतः हात लांबवून हॉर्न दाबत होते.

मरणाची भीती वाटली का, असं मला पुष्कळांनी विचारलं. त्या वेळी मरणाचा विचार करायलाही जागा नव्हती. पुढचा श्वास, एवढंच होतं.

जालना

देऊळगाव राजाला तोंडावर मास्क लावून वाफेतून औषध दिलं, हाताला सुई लावली, ऑक्सिजन लावला. तिथून रुग्णवाहिकेने जालन्याला. कधीतरी वाटेत माझा एक श्वास शेवटपर्यंत बाहेर गेला. तेवढ्याने मला रडू आलं.

दवाखान्यातले दिवस एकसारखे असतात. पहाटे झाडलोट, मग सुई, मग वाफेचं औषध, मग डॉक्टरांची फेरी, मग वाट बघणं. मला झाडलोटीची भीती बसली होती. कोरड्या झाडूचा आवाज आला की मी पदर नाकाला लावायची. तिथल्या एका मावशींनी ते पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून त्या माझ्या पलंगाजवळ ओलं फडकं मारायला लागल्या. 

एक्स-रे झाला. मग एका मशीनच्या नळीत जोरात फुंकायला लावलं, औषध देऊन परत फुंकायला लावलं. त्याच दिवशी डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवलं. उतारवयाकडे झुकलेले, थकलेले गृहस्थ. त्यांनी आडवळण घेतलं नाही.

"हा दमा आहे," ते म्हणाले. "खोकल्याच्या रूपाने आला म्हणून तुमच्या लक्षात आला नाही."

टीबी नाही याचा आनंद व्हायला हवा होता. पण आमच्याकडे म्हणतात, दमा दम घेऊनच जातो. माझ्या कानात तेवढंच वाजत राहिलं.

यांनी विचारलं, "साहेब, काढे पाजले म्हणून झालं का हे?"

"काढ्याने नाही झालं. काढा प्या, मध घ्या, गरम पाणी घ्या, साध्या सर्दीखोकल्यात त्याने घशाला आराम पडतो. पण यांची श्वासनळी आतून सुजलेली आहे, ते काम काढ्याचं नाही. आणि धूर कुठलाच नको. ओव्याचा नको, उदबत्तीचा नको, चुलीचा नको, डासांच्या कॉईलचा नको."

त्यांनी औषधाचा पंप, म्हणजे इन्हेलर, हातात दिला, कसा ओढायचा ते माझ्याकडून करून घेतलं. रोजचा एक, आणि जीव घाबरला तर घ्यायचा दुसरा. रोजचा घेतल्यावर चूळ भरायची, विसरायचं नाही.

"सवय लागली तर?" मी विचारलं.

"जेवणाची लागली आहे ना?" ते म्हणाले आणि पुढच्या पेशंटकडे वळले.

त्या संध्याकाळी आमचं भांडण झालं, पलंगावरच, हळू आवाजात. हे म्हणाले शेडनेट काढून टाकू. मी म्हटलं, मंग खाऊ काय? हे म्हणाले मी एकटा करीन. मी म्हटलं, क्रॉसिंगला बाया कोण बघंल, तुम्ही? मला राग आला होता, पण खरं तर मी घाबरले होते. आजाराने कामही नेलं तर माझं काय उरतं, हे मला दिसत नव्हतं.  हे म्हणाले, "त्या दिवशी गाडीत तू मान टाकली असती तर मी त्या शेडनेटचं काय केलं असतं, सांग."



आत्याबाई

आत्याबाई दवाखान्यात आल्या नाहीत. फोनवर आल्या नाहीत. घरी आले तर शेगडी दिसेना. त्यांनी ती कुणाला तरी देऊन टाकली होती. माझं जेवण आणून ठेवायच्या आणि निघून जायच्या. काही दिवस असे गेले. एका सकाळी मीच म्हटलं, "आत्याबाई, काढा नाही केला आज."

त्या दारात थांबल्या. "म्याच मारलं असतं तुले."

"तुमी काय मुद्दाम केलं?"

"मुद्दाम नाही केलं तरी माणूस मरतेच ना," त्या म्हणाल्या.

मग माझ्याजवळ येऊन बसल्या. पंप हातात घेऊन उलटसुलट बघितला आणि माझ्या उशाखाली ठेवून दिला. "रूपालीचं लगन होऊ दे," त्या हळूच म्हणाल्या. "तवर चारचौघांत हे बाहेर काढू नको, माय."

मला त्यांचा राग आला नाही. मीही तेच ठरवलं होतं.

सुलतानपूर

गेलो तेव्हा हरभरा निघायचे दिवस होते. सिंदखेड राजा गेलं, दुसरबीडला चहा झाला. मी रोजचा पंप ओढून निघाले होते, छाती मोकळी होती. रूपालीने गाडीत कानाशी विचारलं, "दुसरा कुठंय?"

"पिशवीत."

"पिशवी हातातून सोडू नको."

त्यांचं घर रस्त्याला लागून, समोर मोठं अंगण. अंगणाच्या पलीकडे हरभऱ्याची मळणी चालली होती. मशीनमधून निघालेल्या कुटाराचा, म्हणजे भुशाचा, धुरळा वाऱ्यावर सरळ ओसरीत येत होता. आम्हाला ओसरीतच बसवलं. आत चला म्हणावं तर कोणत्या कारणाने म्हणायचं. मी पदर नाकाशी धरला. मुलाची आई पाण्याचे पेले घेऊन आली.

थोड्या वेळाने छाती आवळायला लागली. आता मला ते ओळखता येत होतं. आधी गळ्याखाली खाज, मग शिट्टी, मग श्वास बाहेर न जाणं. समोर देण्याघेण्याचं नाही, तारखांचं बोलणं चाललं होतं. हे बोलत होते, पण त्यांचा आवाज बदलला होता, म्हणजे त्यांनाही शिट्टी ऐकू आली होती. मी आत्याबाईंकडे बघितलं. त्यांनी अगदी थोडी मान हलवली. नको.

मी पिशवी उघडली. पंप काढला, हलवला, सगळ्यांच्या समोर तोंडाला लावून ओढला. श्वास धरून ठेवायचा असतो, तो धरला. परत एकदा घेतला.  

मुलाच्या आईने विचारलं, "कधीपासून हाये?"

"हिवाळ्यात कळलं. दमा हाये मले."

"त्या दिवशी ठसका म्हणाल्या होत्या तुमी."

"हो. खोटं बोललो आमी."

त्या उठल्या आणि आम्हाला आतल्या खोलीत घेऊन गेल्या. दार लावून घेतलं, धूळ येऊ नये म्हणून. जेवण आग्रहाने वाढलं. मला वाटलं, निभावलं. काही दिवसांनी मध्यस्थाचा निरोप आला, मुलाला एवढ्यात लग्न करायचं नाही. पुढच्याच महिन्यात त्याचा साखरपुडा झाल्याचं कानावर आलं.

घरात कुणी मला दोष दिला नाही. मी रूपालीला म्हटलं, "थोडी कळ काढायले पाहिजे होती मी."

ती भाजी निवडत होती. तिने वर बघितलं नाही. "तू तिथं पडली असती आई, तर मी त्या ओसरीत रोज कशी बसली असती?"

आता

सध्या बरी आहे. पूर्ण बरी असं म्हणत नाही. रोजचा पंप चालू आहे, चूळ भरते. शेडनेट चालू आहे. मिरची फोडायला मी बसत नाही, ते काम उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून बायांना बसवून करून घेते. सगळ्यांच्या तोंडाला ओला रुमाल असतो. आधी हसल्या, आता कुणाला सांगावं लागत नाही. पाणी न घेणारी बाई पाणी घेते. मी गोधड्यांना ऊन देते. फवारणीच्या दिवशी शेडनेटकडे फिरकत नाही. घरात उदबत्ती नाही, देवाला फूल आणि दिवा पुरतो. सर्दी झाली तर आल्याचा काढा घेते, मिठाच्या गुळण्या करते, ज्येष्ठमध चघळते. आत्याबाईंचा अडुळसा बांधावर आहे. लेकरं घेऊन बाया अजून येतात. पण आत्याबाई आता आधी लेकराच्या पाठीला कान लावतात. शिट्टी ऐकू आली की अडुळसा देत नाहीत, दवाखान्यात पाठवतात.

रूपालीला स्थळं येत होती. यांनी दोन ठिकाणी माझ्या दम्याचं सांगितलं नाही, आणि बोलणं पुढे जायच्या आत आपणच थांबवलं, कारण सांगायचं कसं हे त्यांना सुचेना. परवा दुपारी एक फोन आला. हे शेतात होते, फोन आत्याबाईंनी उचलला. त्यांना कमी ऐकू येतं म्हणून फोन नेहमी मोठ्या आवाजावर असतो, त्यामुळे मला सगळं कळत होतं. पलीकडच्या बाई म्हणाल्या, मुलीचा फोटो आवडला, रविवारी येऊ का.

"यायले काही हरकत नाही," आत्याबाई म्हणाल्या. "पन एक गोष्ट आधी ऐका. आमच्या सुनेले दमा हाये. पंप घेते, शेतात काम बी करते. उद्या तुमच्या घरी आली त तुमच्यासमोर घेईल. हे चालत असंल त या."

 आत्याबाईंनी फोन कानापासून लांब धरून बघितला, बंद झाला की काय म्हणून. मग त्या बाईंचा आवाज आला. "आता बऱ्या हायेत का त्या?"

आत्याबाईंनी फोन माझ्यापुढे धरला. "तूच सांग."

मी सांगितलं. हिवाळ्यापासून आजपर्यंतचं सगळं, एका दमात.